बुंताचे हात दिसत नाहीत

‘इनिशियल डी’चा विषय निघाला की गप्पा ताकुमीवर येऊन थांबतात. अठरा वर्षांचा, कायम नुकताच झोपेतून उठल्यासारखा दिसणारा पोरगा बापाच्या जुन्या गाडीतून रात्री घाट उतरतो आणि भारी भारी स्पोर्ट्स कार्सना मागे टाकतो. इन्स्टावर या मालिकेचे जे तुकडे फिरतात त्यांत तेवढंच असतं: वळणावर आडवी होणारी काळी-पांढरी गाडी आणि मागे डेव्ह रॉजर्सचं ‘देजा वू’. तीस सेकंदांत रील संपते. बघणाऱ्याला वाटतं, सगळी जादू त्या पोराच्या मनगटात आहे.

मालिका सलग पाहताना मला मात्र एक साधा प्रश्न छळत राहिला. ही गाडी दुरुस्त कोण करतं? आणि कधी?

उत्तर सगळ्यांना माहीत आहे. ताकुमीचा बाप, बुंता फुजिवारा. पण ते आपल्याला माहीत असतं, दिसत नाही. बुंता दिसतो तो सिगरेट ओढताना, पेपर वाचताना, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी पोराकडे बघताना. माझं म्हणणं असं आहे की ‘इनिशियल डी’ ही जुन्या गाडीवरच्या प्रेमाची फार चांगली गोष्ट आहे, पण ते प्रेम ज्या कामातून सिद्ध होतं ते काम ती लपवते. आणि जिथे जिथे ते काम चौकटीत शिरतं, तिथे तिथे ती सगळ्यात उंच जाते.

ज्यांनी फक्त रील्स पाहिल्या आहेत त्यांच्यासाठी थोडी ओळख. शुइची शिगेनो यांची ही मांगा १९९५ ते २०१३ या काळात जपानच्या ‘यंग मॅगझीन’ साप्ताहिकात चालली. एकूण ४८ खंड. ॲनिमे आलं १९९८ मध्ये. गोष्ट घडते गुन्मा प्रांतात. त्यातला अकिना डोंगर काल्पनिक, पण तो बेतलाय तिथल्या खऱ्या हारुना डोंगरावर आणि त्याच्या घाटावर. बुंताचं टोफूचं दुकान आहे. ताकुमी तेरा वर्षांचा असल्यापासून, म्हणजे लायसन्सचं वय होण्याच्या कितीतरी आधीपासून, रोज पहाटे घाट चढून वरच्या हॉटेलात टोफू पोचवतो आणि रिकामी गाडी घेऊन खाली येतो.

गाडी आहे टोयोटा स्प्रिंटर ट्रुएनो. कंपनीचा सांकेतिक क्रमांक एई८६, म्हणून जपानी पोरं तिला म्हणतात ‘हाचि-रोकु’, म्हणजे आठ-सहा. ही गाडी १९८३ ते १९८७ दरम्यान बनली. १५८७ सीसीचं इंजिन, जपानी मॉडेलची जाहीर ताकद १३० अश्वशक्ती, वजन साधारण ९४० किलो, आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकांना. गोष्ट सुरू झाली तेव्हा तिचं उत्पादन बंद होऊन आठ वर्षं झाली होती. समोर कोण, तर माझदा आरएक्स-७ आणि निस्सान स्कायलाइन जीटी-आर. जीटी-आरची कागदोपत्री ताकद २८० अश्वशक्ती. म्हणजे दुपटीहून जास्त.

गंमत म्हणजे ताकुमीला आपल्या घरच्या गाडीला हाचि-रोकु म्हणतात हेसुद्धा सुरुवातीला माहीत नसतं. मित्र इत्सुकी जीव टाकून हाचि-रोकुबद्दल बोलत असतो आणि हा विचारतो, ते काय असतं? आपण हसतो. पण त्या विनोदात मालिकेची सगळी गोम आहे. ताकुमीने ती गाडी पाच वर्षं रोज चालवली आहे आणि एकदाही तिच्या बॉनेटखाली डोकावलेलं नाही. डोकावायची गरजच पडली नाही. कारण दुसरं कोणीतरी डोकावत होतं.

*

आता जरा हिशोब करू. रोज एकदा घाट चढायचा आणि शर्यतीच्या वेगाने उतरायचा. अशी पाच वर्षं. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. उतारावर ब्रेक पॅड साबणासारखे झिजतात. टायर तर विचारूच नका. सस्पेन्शनचे रबरी बुश कडक होऊन फुटतात, मग गाडी वळणावर हलायला लागते. चाकाचं बेअरिंग आधी हलकं गुणगुणतं, मग ओरडतं. गुन्मात बर्फ पडतं, म्हणजे खालून पत्रा गंजतो. या इंजिनात टॅपेट सेटिंग करायचं तर फिलर गेजने मिलिमीटरच्या शतांशात फट मोजायची, आणि ती चुकली असेल तर योग्य जाडीची छोटी चकती, म्हणजे शिम, शोधून बदलायची. असे सोळा व्हॉल्व्ह.

हे काम अवघड असतंच, पण त्याहून जास्त ते कंटाळवाणं असतं. गंजलेला नट सुटत नाही म्हणून रात्रभर तेल सोडून ठेवायचं. सकाळी पाना सटकला की बोटं सोलून घ्यायची. एक गोष्ट उघडली की तिच्याखाली बिघडलेल्या आणखी तीन सापडतात. नवा सुटा भाग मिळत नाही, म्हणून भंगारातल्या गाडीचा काढून आणायचा आणि तोही अर्धा गेलेलाच निघतो. घरी जुनी गाडी जिवंत ठेवणं हे एका मोठ्या दिवसाचं काम नाही, ते न संपणाऱ्या छोट्या रविवारांचं काम आहे. आणि त्याला पैसे लागतात. एका छोट्या टोफूच्या दुकानात ते कुठून येतात, हा प्रश्न मालिका कधी धसाला लावत नाही.

यावर कोणी म्हणेल, अरे, ही शर्यतीची गोष्ट आहे. बुश बदलताना कोण बघणार? नाट्य कुठे आहे त्यात?

मला हे पटत नाही, आणि पटत नाही ते शिगेनोंमुळेच. कारण या माणसाने आपल्याला पाण्याचा पेला बघायला लावला. बुंता गाडीत पाणी भरलेला पेला ठेवायला सांगतो. घाट असा उतरायचा की पाणी सांडता कामा नये. का? कारण मागे टोफू आहे आणि टोफू फुटतो. ड्रिफ्ट, वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला नेणं, ब्रेकवरचा हळुवार पाय, हे सगळं शिकवणीतून आलेलं नाही. ते धंद्याच्या गरजेतून आलंय. दारावर दुकानाचं नाव आणि शेजारी कंसात ‘खासगी वापर’ असं रंगवलेली ही गाडी आधी कामाची गाडी आहे, मग शर्यतीची. आपल्याकडे दुधाच्या किटल्या लावलेल्या राजदूतवर जो माणूस पहाटे कच्च्या रस्त्याने सुसाट जातो आणि थेंब सांडत नाही, त्याला कोणी रेसर म्हणत नाही. शिगेनोंनी तशा माणसाला नायक केलं. पेल्यातल्या पाण्याचं ज्याला नाट्य करता येतं, त्याला टॅपेट सेटिंगचंही करता आलं असतं. त्यांनी केलं नाही, ही त्यांची निवड आहे. म्हणूनच तिच्यावर टीका करता येते.

तुलनेला २००१ चा ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ घ्या. तिथे भंगारात निघालेली टोयोटा सुप्रा लादून आणतात आणि टोरेटोच्या गॅरेजात सगळे मिळून ती उभी करतात. काम दिसतं, पण गाण्यावर कापलेल्या तुकड्यांत. ठिणग्या, घाम, विनोद, आणि गाडी तयार. त्या सिनेमाने दुरुस्तीला पार्टी केलं, ‘इनिशियल डी’ने तिला रहस्य केलं. दोघांनीही तिचा वेळ काढून घेतला. मला यातलं रहस्य जास्त आवडतं, कारण त्यात निदान एक खरी गोष्ट आहे: घरातलं काम असंच होतं, बाकीचे झोपलेले असताना.

*

मग ते काम चौकटीत शिरतं कुठे? मला तीन जागा दिसतात.

पहिली, इत्सुकीची हाचि-गो. इत्सुकी पैसे साठवून हाचि-रोकु घ्यायला जातो आणि घेऊन येतो एई८५. दिसायला तीच गाडी, पण आत दीड लिटरचं साधं इंजिन, ८३ अश्वशक्ती. पेट्रोल पंपावरचे सगळे हसतात. ज्याने कधी सेकंडहँड बाजारातून खूप आशेने काहीतरी घरी आणलंय आणि मित्रांच्या चेहऱ्यावरून कळलंय की आपण फसलो, त्याला हा प्रसंग बोचतो. मग ताकुमी तीच गाडी घाटात चालवतो आणि इत्सुकीला दाखवून देतो की ती वाईट नाही. प्रसंग सुंदर आहे. पण बघा, उत्तर पुन्हा चालवण्यात सापडतं. खऱ्या आयुष्यातल्या इत्सुकींनी वेगळं उत्तर शोधलं होतं. त्यांनी एई८५ घेऊन तिच्यात हाचि-रोकुचं इंजिन चढवलं. अंग तेच, पोट बदललं.

दुसरी, उसुई घाटावरच्या माको आणि सायुकी यांची निळी ‘सिल-एटी’. या गाडीचा जन्मच मला कुठल्याही शर्यतीपेक्षा रंजक वाटतो. निस्सानची १८०एसएक्स आणि सिल्व्हिया एस१३ या सख्ख्या बहिणी, पायाभूत सांगाडा एकच. १८०एसएक्सचे दिवे वर उघडणारे. ड्रिफ्ट करणारी पोरं पुढून ठोकायची आणि तो भाग दुरुस्त करणं महाग पडायचं. मग त्यांनी सिल्व्हियाचं तोंड आणून बसवलं. स्वस्त, हलकं आणि बसतंही. अशी गाडी कुठल्याही डिझायनरने कागदावर काढली नव्हती. ठोकलेली गाडी परवडेल तशी उभी करताना ती तयार झाली. मॉडिफिकेशन म्हणजे पैसेवाल्यांची हौस, असं आपल्याला वाटतं. सिल-एटी सांगते की ते बऱ्याचदा दुरुस्तीचंच पोर असतं. मालिकेत मात्र तिची मालकीण माको हिच्या ड्रायव्हिंगइतकीच जागा तिच्या प्रेमप्रकरणाला मिळते. स्त्रिया लिहिताना शिगेनोंचा हात नेहमीच अडखळतो. नात्सुकी आणि मर्सिडीजवाल्या ‘पापा’चा सगळा धागा तर ताकुमीला दुखवण्यापुरताच वापरलाय.

तिसरी जागा सगळ्यात मोठी. अकागी डोंगरावर क्योइची सुदोच्या मित्सुबिशी इव्होमागे लागून ताकुमी रागाच्या भरात गाडी ताणतो आणि इंजिन फुटतं. इतके दिवस गृहीत धरलेली गोष्ट रस्त्याच्या कडेला धूर सोडत उभी राहते. आणि मग कळतं की बुंताला हे आधीच ठाऊक होतं. इंजिनाचं वय झालंय, कधीतरी ते जाणार, म्हणून त्याने नवं बघूनही ठेवलं होतं. हा मला पूर्ण मालिकेतला सगळ्यात प्रेमळ क्षण वाटतो. कोणी कोणाला मिठी मारत नाही. फक्त एका माणसाने दुसऱ्याचं पुढचं संकट आधीच मोजून ठेवलेलं असतं. दुरुस्ती करणाऱ्या माणसाचं प्रेम असंच दिसतं.

त्यानंतर जे होतं ते आणखी चांगलं. नवं इंजिन ‘ग्रुप ए’ शर्यतींतलं आहे, ११,००० आरपीएमपर्यंत फिरणारं. ताकुमीला ते आवडत नाही. गाडी जड वाटते, ओढत नाही. यात तांत्रिक सत्य आहे: शर्यतीच्या इंजिनाची सगळी ताकद वर असते, खालच्या आरपीएमला ते मेल्यासारखं चालतं. जुन्या सवयीने लवकर गिअर बदलला तर नव्या इंजिनाची ताकद कधी भेटतच नाही. बुंता हे समजावत बसत नाही. पहिल्यांदाच ताकुमीला विचारावं लागतं की आपण ज्यात बसलोय ते आहे तरी काय. ज्याला हाचि-रोकु म्हणजे काय माहीत नव्हतं, तो आता आरपीएमच्या काट्याबद्दल विचार करतो. माझ्या मते त्याचं वयात येणं इथे आहे, मुलीच्या धाग्यात नाही.

*

चाहत्यांच्या चर्चांत मात्र बुंताकडून ताकुमीला काय मिळालं, तर ‘रक्तातलं कौशल्य’, असं सर्रास म्हटलं जातं. मला हे वाचन आळशी वाटतं आणि थोडं धोक्याचंही. कौशल्य रक्तात असेल तर आपल्यासारख्यांनी फक्त बघायचं किंवा रात्री घाटात नशीब आजमावायचं. मालिकेतल्या रस्त्यांवर समोरून ट्रक क्वचित येतो. खऱ्या रस्त्यांवर येतो. जपानच्या अनेक घाटांत ड्रिफ्टिंग थांबवायला रस्त्यावर मुद्दाम खडबडीत पट्टे आणि उंचवटे केले आहेत. आपल्याकडे तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही. म्हणजे मराठी प्रेक्षकाने ‘इनिशियल डी’मधून काही घरी न्यायचंच असेल, तर ड्रिफ्ट आणि इंजिनबदल दोन्ही वगळून उरतं ते देखभाल. नेमकं तेच, जे मालिकेने दाखवलं नाही.

आणि न दाखवल्याची किंमतही मोजली गेली. गोष्टीचा सगळा मुद्दा होता की स्वस्त, जुनी, दुर्लक्षित गाडी पुरेशी आहे. ती गोष्ट इतकी गाजली की तीच गाडी महाग झाली. या चढ्या भावाला गाड्यांच्या जगात ‘ड्रिफ्ट टॅक्स’ म्हणतात. आजच्या इत्सुकीला हाचि-रोकु सोडाच, बऱ्या अवस्थेतली हाचि-गोही सहज परवडणार नाही. ज्या दुकानावरून बुंताचं दुकान रेखाटलं ते पाडलं गेलं, आणि त्याचा दर्शनी भाग आता इकाहोच्या संग्रहालयात जपलाय. तिथे टोफू बनत नाही. लोक फोटो काढतात. आपण दिसलेल्या गोष्टीवर प्रेम करतो, आणि आपल्याला गाडी दिसली होती, हात दिसले नव्हते. म्हणून गाडी जपली गेली.

एक बरी गोष्ट मात्र घडली, आणि ती खुद्द टोयोटाने केली. कंपनीने २०२१ मध्ये एई८६ चे काही बंद झालेले सुटे भाग पुन्हा बनवायचं जाहीर केलं. त्यात स्टिअरिंगचा नकल आर्म, मागच्या ब्रेकचे कॅलिपर अशा अगदी न चमकणाऱ्या वस्तू होत्या. पोस्टरवर कधीच न येणाऱ्या, पण नसल्या तर गाडी अंगणातच उभी ठेवणाऱ्या. मग जानेवारी २०२३ मध्ये टोकियो ऑटो सलोनमध्ये त्यांनी दोन जुन्या हाचि-रोकु मांडल्या: एक जुनंच इंजिन हायड्रोजनवर चालवणारी, दुसरी बॅटरीवर चालणारी आणि तरी हाताने बदलायचा गिअर राखलेली. कंपनीच्या जाहिरातीचा भाग त्यात आहेच. तरीही मला हे बुंताच्या जवळचं वाटतं. आहे तिला टिकवायचं, आणि टिकवायला बदलावं लागलं तर बदलायचं.

शेवटच्या शर्यतीत शिगेनो स्वतःही तिथेच येऊन पोचतात, असं मला वाटतं. प्रतिस्पर्धीसुद्धा हाचि-रोकुच चालवतोय. शेवटाकडे ताकुमीचं इंजिन पुन्हा फुटतं. ११,००० आरपीएमचं ते भारी इंजिन गप्प होतं. उरतो उतार, वजन, स्टिअरिंग, टायर. गाडी फिरून उलट्या तोंडाने रेषा ओलांडते आणि तो जिंकतो. लोक याला चमत्कार म्हणतात. मी तो प्रसंग पुन्हा पाहिला तेव्हा मला चमत्कार दिसला नाही. इंजिन मेल्यावर गाडीत जे काही शिल्लक राहतं, ती बेअरिंग, ते बुश, ते ब्रेक, ते सगळं कोणीतरी वर्षानुवर्षं नीट ठेवलेलं होतं, म्हणून ती सरळ घरंगळली.

४८ खंडांत त्या माणसाला पाना हातात घेऊन बसलेलं एक पूर्ण प्रकरण मिळायला हवं होतं. शर्यत नको, गाणं नको. रात्रीचे दोन, दुकानात सोयाबीन भिजत पडलंय, जॅकवर चढवलेली गाडी, आणि एक नट जो सुटत नाहीये. मी ते प्रकरण सगळ्यात आधी वाचलं असतं.